अक्कलदाढ दुखायला लागली तर काय करावं, कोणत्या क्रमानं करावं

सातारा-सांगली पट्ट्यात अक्कलदाढेचं दुखणं बहुतेकदा एकाच वाटेनं जातं. पहिला ठणका लागला की लवंग, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून सांगून आणलेल्या गोळ्या. चार-पाच दिवसांत सूज उतरते आणि घरात कुणाला ती दाढ आठवतही नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. असं करता करता ऐन परीक्षेत, घरच्या लग्नात किंवा तासगावकडे द्राक्षाची तोड चालू असताना गाल सुजतो आणि तोंड उघडेनासं होतं. त्या अवस्थेत दाढ काढायला डॉक्टरही सहसा थांबायला सांगतात. तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत हात पोचत नाही, आणि सुजलेल्या जागी भूलही नीट चढत नाही. म्हणून पुढची सगळी कृती एका गोष्टीभोवती आहे: अक्कलदाढेचा निर्णय ती दुखत नसताना घ्यायचा. सूज उतरल्यावर जे निवांत आठवडे मिळतात, ते एक्स-रे काढायला आणि शांतपणे ठरवायला वापरायचे.

१. दुखतंय ती अक्कलदाढच आहे ना, ते पाहा

ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. वर दोन, खाली दोन. काहींना चारही येत नाहीत आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. छळते ती बहुधा खालची. जबड्यात जागा अपुरी असली की ती अर्धीच वर येते, पुढच्या दाढेवर कलते किंवा हाडातच आडवी राहते.

आरशासमोर उभं राहा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि गाल चमच्याच्या मागच्या टोकानं बाजूला धरा. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीचा एक सैल पदर दिसेल. त्याखाली भाकरीचा भुगा आणि शेंगदाण्याच्या चटणीचे कण शिरतात. ब्रश तिथवर जात नाही, जंतू वाढतात आणि पदर लाल होऊन फुगतो. नीट पाहिलंत तर फुगलेल्या पदरावर वरच्या दाढेचे खड्डे उमटलेले दिसतात. प्रत्येक घासाला वरची दाढ त्याच दुखऱ्या जागी बसत असते, म्हणून सूज स्वतःहून लवकर उतरत नाही. दुखणं कानाकडे जातं, गिळताना घसा ओढल्यासारखा होतो, तोंडाला घाण चव येते, जबड्याखाली गाठ हाताला लागते. ही सगळी लक्षणं असतील तर दुखणं अक्कलदाढेचंच धरून चाला.

गार पाण्यानं कळ येत असेल किंवा रात्री झोपल्यावर ठणका वाढत असेल, तर संशय तिच्या पुढच्या दाढेवरही घ्या. तिथं कीड लागलेली असू शकते आणि ती अक्कलदाढेमुळेच लागलेली असू शकते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

२. तोंडात तीन बोटं घालून पाहा

आपल्या भागात ही पायरी कुणीही गाळू नये. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून उभी तोंडात घाला. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये तीन बोटं मावली तर तोंड पुरेसं उघडतंय.

मावली नाहीत तर कारण दोनपैकी एक असू शकतं. अक्कलदाढेच्या सुजेनं तोंड आखडतं तेव्हा ते दोन-तीन दिवसांत आखडतं, एका बाजूला दुखतं आणि सूज गेली की पुन्हा मोकळं होतं. सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्यांचं तोंड मात्र महिन्यामहिन्यानं कमी उघडत जातं. त्याला फारसं दुखणं नसतं. कांदा-लसूण मसाल्याची साधी आमटीही तोंडाला झोंबते, गालाची आतली कातडी पांढुरकी होते आणि बोट फिरवलं तर आत ताठ दोऱ्या लागतात. हा वेगळा आजार आहे आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानटपरीवर मावा घोटला जातोच. वीस-बावीस वर्षांची कितीतरी पोरं "अक्कलदाढ येतेय, म्हणून तोंड उघडत नाही" असं स्वतःला समजावत वर्ष काढतात. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण याच टप्प्यावर सुपारी सुटली तर पुष्कळ काही वाचतं. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तरीही दाढेची वाट न पाहता तपासून घ्या. मिशरी लावणाऱ्या आई-आजीलाही हा नियम तसाच लागू आहे.

३. पहिले दोन दिवस घरी काय करावं

एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. घोट दुखऱ्या बाजूला अर्धा मिनिट धरा आणि थुंका. हे दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर करा. लहान मुलांचा मऊ ब्रश आणून दाढेची मागची बाजू हलक्या हातानं साफ करा. थोडं रक्त येईल, त्याला घाबरून ब्रश थांबवू नका, कारण आत अडकलेली घाण निघाल्याशिवाय सूज हटत नाही. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश मिळालं तर दिवसातून दोनदा वापरा.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान सहा तास, आणि दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही. यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. आयबुप्रोफेनचा सुजेवर चांगला उपयोग होतो, पण मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करण्याची औषधं, गरोदरपण यात ते घेऊ नये. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि गावात डेंग्यूची साथ असेल तरीही नको.

न करण्याच्या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या आहेत. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, तिथली कातडी भाजते. लवंगेचं तेल कापसावर एखादा थेंब घेऊन लावलं तर घटकाभर बरं वाटतं, मात्र वारंवार लावलं तर तेही भाजतं. तंबाखू किंवा मिशरी दाबून धरणं पूर्ण बंद. बाहेरून गालाला गरम शेक देऊ नका. शेक दिल्यानं पू बाहेरच्या बाजूला ओढला जाऊ शकतो, आणि मग गालाला चीर द्यायची वेळ येते.

अँटिबायोटिक्सबद्दल माझं मत ठाम आहे: मेडिकलच्या काउंटरवर सांगून घ्यायचं हे औषध नव्हे. सूज पदरापुरतीच असेल तर डॉक्टर पदराखालची जागा धुऊन देतात आणि बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. ताप आला, सूज गालात किंवा गळ्यात पसरली, तोंड उघडेनासं झालं तर अँटिबायोटिक्स लागतात, आणि तीही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरवलेले सगळे दिवस. दोन गोळ्या घेऊन उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवायची सवय आपल्याकडे घरोघर आहे. ती मोडायला हवी.

४. या खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका

लाळही गिळता येत नाही, जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली गेली आहे, आवाज घोगरा झाला आहे, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज आहे, श्वास घेताना त्रास होतो आहे, तोंडात एक बोटही मावत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी दातांच्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका. थेट चोवीस तास चालणारं मोठं रुग्णालय गाठा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कराडकडे कृष्णा रुग्णालय. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाडीत असाल तर १०८ ला फोन करा. दाढेचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर काही तासांत श्वासनलिका दाबली जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

५. सूज उतरली की एक्स-रे

अडकलेली दाढ नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ओपीजी नावाचा एक एक्स-रे असतो. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दोन्ही जबडे एका फिल्मवर येतात. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या मोठ्या गावांत तो निघतो. दंत महाविद्यालयात तपासणी, एक्स-रे आणि शस्त्रक्रिया एकाच आवारात होते आणि खर्चही बाहेरच्यापेक्षा बहुधा कमी येतो. कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं, सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि तासगाव रस्त्यावर कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं, अशी तीन महाविद्यालयं या दोन जिल्ह्यांत आहेत. तिथं वेळ जास्त लागतो, शिकाऊ डॉक्टर आधी तपासतात. वरिष्ठांची नजर मात्र त्यावर असते, तेव्हा बिचकू नका.

फिल्म हातात आली की डॉक्टरांना ती उजेडावर धरून दाखवायला सांगा आणि स्वतः पाहा. पुढच्या दाढा सरळ उभ्या दिसतात आणि शेवटची पुढे कललेली असते. तिचं डोकं पुढच्या दाढेच्या मानेला जिथं टेकतं त्या सांध्यात काळा डाग आहे का, ते विचारा. तो डाग म्हणजे कीड. तिथं ब्रश पोचत नाही, जीभ पोचत नाही, आणि कळ येईपर्यंत कीड शेजारच्या चांगल्या दाढेच्या नसेपर्यंत गेलेली असते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे मुळांच्या खाली दोन पांढऱ्या रेघांमधून जाणारा पट्टा. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्यातून जाते. मुळं त्या पट्ट्यावर चढलेली दिसत असतील, रेघ तुटलेली असेल, मूळ तिथं काळसर दिसत असेल, तर डॉक्टर त्रिमितीय स्कॅन सांगतात. तो सांगितला म्हणजे पैसे काढतायत असं समजू नका.

६. काढायची की ठेवायची

आता खरा प्रश्न. पुढच्यापैकी काही असेल तर दाढ काढलेली बरी: पदराची सूज दुसऱ्यांदा आली, किंवा पहिल्यांदाच इतकी आली की ताप येऊन तोंड बंद झालं, अक्कलदाढेत भरता न येणारी कीड आहे, पुढच्या दाढेला कीड लागली आहे किंवा तिच्या मागचं हाड झिजलं आहे, पुढच्या दाढेचं मूळ विरघळायला लागलं आहे, एक्स-रेत दाढेभोवती गाठ दिसते आहे. यातल्या शेजारच्या दाढेच्या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त वजन देतो. अक्कलदाढ गेली तर चावण्यात फारसा फरक पडत नाही. तिच्या पुढची दाढ गेली तर जन्मभर जाणवतं.

दाढ पूर्ण वर आली आहे, समोरच्या दाढेशी नीट बसते, ब्रश मागपर्यंत जातो, तर तिला हात लावायचं कारण नाही. हाडात खोल गाडलेली आणि काही त्रास न देणारी दाढही सहसा राहू द्यावी आणि अधूनमधून एक्स-रे काढून पाहावी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००० मध्येच सांगितलं की निरोगी अडकलेली अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. अमेरिकेत कल लवकर काढण्याकडे जास्त आहे. "पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढून टाका" एवढंच कारण कुणी सांगत असेल तर दुसरं मत घ्या, त्याला भक्कम पुरावा नाही.

काढायचंच ठरलं तर वयाचा विचार करा. १८ ते २५ मध्ये हाड लवचीक असतं, मुळं पूर्ण लांबलेली नसतात आणि जखम लवकर भरते. पस्तिशी-चाळिशीनंतर तेच काम अवघड होतं. नसेला धक्का लागण्याचा धोका मोकळेपणानं विचारा. खालची दाढ काढल्यावर शंभरात काही जणांना ओठ किंवा जीभ काही आठवडे बधिर राहते. बधिरपणा कायमचा राहण्याचं प्रमाण सर्वसाधारणपणे शंभरात एकाहूनही कमी आहे. मुळं नसेला अगदी चिकटलेली असतील तर फक्त वरचा भाग कापून मुळं आत ठेवण्याचाही पर्याय असतो.

दोन भीती या भागात फार ऐकू येतात. एक, "वरची दाढ काढली की नजर कमी होते." डोळ्याची नस वेगळी आणि दाढेची वेगळी, नजरेवर परिणाम होत नाही. दुसरी भरतीच्या पोरांची. अपशिंग्यासारख्या गावात घरटी फौजी, आणि मुलाला वाटतं की दाढ काढली तर मेडिकलमध्ये बाद होऊ. सैन्यभरतीत दातांचे गुण मोजतात आणि किमान १४ लागतात. बत्तीसच्या बत्तीस दात धड असतील तर २२ होतात. चारही अक्कलदाढा नसल्या आणि बाकीचे दात जागेवर असले तरी १८ होतात. दाढ वेळेवर काढून जखम भरलेली असणं हे ऐन भरतीत गाल सुजण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त शारीरिक चाचणीच्या दीड-दोन महिने आधी काढा.

७. तारीख धरण्याआधी

डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या दाखवा. नावं पाठ नसली तरी चालतं, पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. तो निर्णय हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. साखर आटोक्यात नसेल तर आधी ती आणा. लहानपणी संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली असेल, किंवा हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घेत असाल, तर ते न विचारताही सांगा. गरोदर बाईची शस्त्रक्रिया शक्यतो बाळंतपणानंतर करतात. अगदी थांबता येत नसेल तर मधले तीन महिने.

दाढ हाडात असेल तर ती तोंड आणि जबड्याचे शल्यचिकित्सक काढतात. गावातले डॉक्टर त्यांना ठरलेल्या दिवशी बोलावून घेतात. ते कोण आहेत, हे आधी विचारायला संकोच वाटू देऊ नका.

८. खुर्चीवर

जागेपुरती भूल असते, म्हणून उपाशी जाऊ नका. नाश्ता करून जा, सोबत कुणाला तरी न्या आणि परतताना स्वतः गाडी चालवू नका. इंजेक्शननंतर अर्धा ओठ जड झाला म्हणजे भूल चढली. हिरडी बाजूला सारतात, लागेल तेवढं हाड पाण्याची धार सोडत कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. ढकलल्यासारखं, करकरल्यासारखं जाणवतं. तीक्ष्ण दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देतात.

९. घरी आल्यावर

कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. सारखा काढून पाहू नका. चोवीस तास थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ बसू द्यायची असते. लाळ गुलाबी दिसेल, ती गिळा. रक्त थांबत नसेल तर नवा बोळा आणखी अर्धा तास धरा, तरीही थांबलं नाही तर फोन करा. पहिला दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर पंधरा मिनिटं ठेवा, पंधरा मिनिटं काढा. भूल उतरायच्या आत वेदनाशामक गोळी घ्या. झोपताना दोन उशा घ्या.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. चोवीस तासांनंतर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू करा, तोंडात पाणी नुसतं हलवून बाहेर सोडायचं.

खाण्यात पहिल्या दिवशी गार किंवा कोमट: ताक, आंबील, दहीभात, केळं. नंतर मुगाची मऊ खिचडी, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली पोळी. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तीळ, हुरडा, ऊस आणि भडंग किमान दोन-तीन आठवडे बंद. सांगलीच्या घरात भडंग समोर असताना हे अवघड जातं, पण कुरमुऱ्याचा एक कण खड्ड्यात बसला तर आठवडा वाया जातो. जखमेत हळद भरू नका. तंबाखू, मिशरी, सिगारेट किमान एक आठवडा बंद, कायमची सुटली तर उत्तमच. तालमीतल्या मुलांनी आठवडाभर व्यायाम थांबवावा. खालची खोल दाढ काढली असेल तर लढत सहा आठवडे नको, कारण तोवर जबडा त्या जागी कमकुवत असतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, बरं वाटत असताना अचानक कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडलं आहे. तंबाखू खाणाऱ्यांत आणि सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि तासाभरात उतार पडतो. ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली किंवा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही, तर तेही कळवा.

साधारण सातव्या दिवशी टाके काढतात. हिरडी तीन-चार आठवड्यांत बुजते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तोवर खड्ड्यात शितं अडकतील. डॉक्टरांनी दिलेल्या सुई नसलेल्या पिचकारीनं कोमट पाणी सोडून ती जागा जेवणानंतर धुवायची. शेजारच्या दाढेची मागची बाजू आता प्रथमच ब्रशच्या आवाक्यात आलेली असते. तिथं रोज रात्री लहान ब्रश फिरवा आणि सहा महिन्यांनी ती दाढ एकदा तपासून घ्या.